वीस सेकंदांची मिठी, ऑक्सिटोसिन आणि मेंदू : यात खरं किती?

चेतापेशी (धागाकर्ती)

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर अधूनमधून एक फॉरवर्ड फिरतो. ‘रोज वीस सेकंद मिठी मारा, ऑक्सिटोसिन वाढवा, बीपीची गोळी बंद करा.’ ऑक्सिटोसिन म्हणजे मेंदूत तयार होणारं एक संप्रेरक, लोक त्याला ‘प्रेमाचं संप्रेरक’ म्हणतात. गोळीचा भाग धादांत चुकीचा आहे, तो कुणी मनावर घेऊ नये. वीस सेकंदांचं मूळ मात्र बहुधा २००३ सालच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या प्रयोगात असावं. तिथे जोडप्यांना दहा मिनिटं हातात हात घेऊन बसवलं, मग वीस सेकंद मिठी मारायला लावली आणि त्यानंतर भाषण करायला लावलं. जोडीदाराशिवाय बसलेल्यांच्या तुलनेत त्यांचा रक्तदाब आणि नाडी कमी चढली. आधीची दहा मिनिटं फॉरवर्ड होता होता गळाली.

कालच तो पुन्हा आला, म्हणून म्हटलं सविस्तर लिहून टाकावं.

सुरुवात त्वचेपासून. तळहात-तळपाय सोडले तर बाकी अंगावर लव असते. त्या त्वचेत बारीक चेतातंतूंची एक वेगळी जात असते, सी-टॅक्टाइल तंतू. यांच्यातून संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकतो. कुठे काय लागलं हे कळवणारे जाड तंतू याच्या कितीतरी पट वेगवान. मांजरात हे तंतू १९३९ सालीच सापडले होते, माणसात पत्ता लागायला जवळपास पन्नास वर्षं गेली. स्वीडनमधल्या गोटेनबर्गच्या संशोधकांनी २००९ साली दाखवलं की सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर वेगाने हात फिरला की हे तंतू सगळ्यात जोरात बोलतात, आणि तोच वेग लोकांना सगळ्यात सुखद वाटतो. फार हळू किंवा भसाभस चोळलं तर दोन्ही उतरतं. पालकांना नुसतं ‘बाळाला कुरवाळा’ म्हटलं तर त्यांचा हात आपसूक याच वेगात फिरतो.

या तंतूंचा निरोप मेंदूच्या आत दडलेल्या इन्सुला नावाच्या भागात जातो. जाड तंतू पार निकामी झालेल्या एका स्त्रीवर २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. हातावर मऊ ब्रश फिरवला की तिला काहीतरी मंद, बरं वाटायचं, एवढंच ती सांगू शके. स्कॅनमध्ये इन्सुला जागा झालेला दिसत होता.

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं: तंतू आहे, वेग आहे, आनंद आहे. पण २०१२ सालचा एक प्रयोग बघा. स्त्रियांकडे आकर्षण असणारे पुरुष स्कॅनरमध्ये झोपवले, त्यांच्या पायावरून हात फिरवला आणि समोर व्हिडिओ दाखवला. एकदा व्हिडिओत बाई, एकदा पुरुष. प्रत्यक्षात हात दोन्ही वेळा बाईचाच होता. पुरुषाचा हात आहे असं वाटलं की त्यांना तोच स्पर्श नकोसा झाला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मेंदूतला जो भाग फक्त ‘कुठे लागलं, किती जोरात’ एवढंच टिपतो असं आपण पुस्तकात शिकलो, तिथेही फरक दिसला.

२०१४ साली जर्मनीत बॉन विद्यापीठाच्या गटाने असाच बनाव रचून त्यात ऑक्सिटोसिनचा नाकातला फवारा घातला. स्त्री स्पर्श करते आहे अशी समजूत असताना फवाऱ्याने तो स्पर्श अधिक सुखद वाटला, इन्सुला आणि कपाळामागचे काही भाग जास्त चेतले. पुरुष करतो आहे असं वाटत असताना फवारा काही कामाचा नाही. तंतू तेच, वेग तोच, संप्रेरक तेच.

आणि माझा सगळ्यात आवडता प्रयोग, स्वीडनमधल्या लिंकोपिंगचा, २०२३ सालचा. इथे फवारा नाही, स्त्रियांच्या स्वतःच्या रक्तातलं ऑक्सिटोसिन स्कॅन चालू असतानाच पुन्हा पुन्हा मोजलं. एकदा जोडीदाराने हात फिरवला, एकदा अनोळखी पुरुषाने (अर्थात सांगून, सुरक्षितपणे). जोडीदार आधी आला तर ऑक्सिटोसिन वाढलं. अनोळखी आधी आला तर त्या बैठकीत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, जास्त दिसलं आणि मागाहून जोडीदार आला तरी ऑक्सिटोसिनचा तो चढ आलाच नाही. तोच नवरा, तोच हात. थोड्या वेळापूर्वी काय घडलं त्यावर शरीराचं उत्तर ठरलं.

म्हणून ‘प्रेमाचं संप्रेरक’ हे बिरुद मला पटत नाही. कोण, कधी आणि कशानंतर, हा हिशोब मेंदू करतो आणि ऑक्सिटोसिन त्या हिशोबाला धार लावतं, असं माझं वाचन सांगतं. तुम्हाला काय वाटतं?


पॉपकॉर्नवाली

पहिला नंबर! वाचनखूण साठवली आहे, पोरं झोपली की नीट वाचते.


शंकासुर

लेख चांगला आहे, पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा) वगैरे. आता मूळ स्वभावावर येतो.

नाकातल्या फवाऱ्याने मेंदूत नेमकं किती पोचतं? ऑक्सिटोसिन हा नऊ अमिनो आम्लांचा रेणू. रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत तो फारसा ओलांडत नाही. प्रसूतीत कळा वाढवायला सलाईनमधून देतात ते हेच, आणि ते घेऊन कुणी शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या प्रेमात पडल्याचं ऐकिवात नाही. फवारा मारला की त्यातला बराचसा भाग नाकातून रक्तात आणि घशातून पोटात जातो. मेंदूपर्यंत थोडंसं पोचतं, हे प्राण्यांत दाखवलंय, पण ‘थोडंसं’वर किती इमले बांधायचे?

दुसरं, या क्षेत्राचा इतिहास. २००५ साली ‘नेचर’मध्ये निबंध आला की फवाऱ्याने माणसं परक्यावर जास्त विश्वास टाकतात. जगभर गाजला. २०२० साली बरेच जास्त लोक घेऊन तोच प्रयोग काळजीपूर्वक केला, तर तो परिणाम काही मिळाला नाही. मधल्या पंधरा वर्षांत त्या एका निबंधावर किती भाषणं झाली, किती पुस्तकं खपली!

तिसरं, कुरणातल्या व्होल उंदरांची गोष्ट. जन्मभर एकाच जोडीदाराबरोबर राहणारे हे प्राणी ऑक्सिटोसिनवाल्यांचे पोस्टर-बॉय. २०२३ साली जनुकात बदल करून ऑक्सिटोसिनचे ग्राहकच (पेशीवरचे रिसेप्टर, ज्यांना ते चिकटतं) नसलेले व्होल तयार केले. तेही जोडी जमवून मजेत राहिले. बोला आता.


चेतापेशी

शंकासुर, तुमची वाटच बघत होते. :)

फवाऱ्याबद्दल बहुतांशी सहमत. म्हणूनच लिंकोपिंगचा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो, त्यात बाहेरून काही घातलेलंच नाही. त्यालाही मर्यादा आहे, रक्तातलं मोजलं म्हणजे मेंदूतलं कळलं असं नाही. पण ऑक्सिटोसिन तयार होतं मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये. तिथल्या मोठ्या पेशी पिट्युटरी ग्रंथीमार्फत ते रक्तात सोडतात आणि मेंदूच्या आतही त्यांच्या फांद्या जातात. उंदरांत २०२० साली असं दिसलं की एका मादीने दुसरीला स्पर्श केला की आधी तिथल्या छोट्या ऑक्सिटोसिन पेशी चेततात आणि त्या मोठ्या पेशींना उठवतात. त्या छोट्या पेशी गप्प केल्या की माद्यांचं एकमेकींशी वागणं उणावतं. इथे फवारा नाही आणि रक्ताची चाचणीही नाही, थेट पेशीवर बोट ठेवलेलं आहे.

व्होलच्या प्रयोगातून मी एवढंच घेते की नातं जुळायला ऑक्सिटोसिनचा ग्राहक अनिवार्य नाही. जन्मापासून एक रस्ता बंद असेल तर मेंदू दुसरा काढतो. आणि स्पर्शाच्या सुखात हे एकटं कधीच नव्हतं. टॅलापॉइन माकडांत १९८९ साली दिसलं होतं की एकमेकांच्या उवा-केस निवडून झाल्यावर मेंदूभोवतीच्या द्रवात बीटा-एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचं स्वतःचं अफूसारखं (ओपिऑइड) द्रव्य, वाढतं. त्या ओपिऑइड यंत्रणेवर बोळा बसवणारं औषध दिलं तर माकडं ‘माझे केस निवड’ म्हणून जास्तच मागे लागतात. बक्षिसाच्या सुखाशी जोडलेलं डोपामिनही आहेच. उंदरांच्या पाठीच्या त्वचेतल्या एका खास तंतूपासून मेंदूतल्या डोपामिनपर्यंतचा रस्ता २०२३ साली दाखवला गेला.


सांगलीचे काका

धागा छान. इंग्रजी नावं लक्षात राहत नाहीत पण मुद्दा कळला.

आमच्या घरी पूर्वी म्हशी होत्या. ज्याने गोठ्यात एक दिवस काढलाय त्याला ही ऑक्सिटोसिनची गोष्ट नवी नाही, फक्त नाव माहीत नसतं. रेडकू सोडल्याशिवाय, कासेला हात फिरवल्याशिवाय म्हैस पान्हवत नाही. धारेला रोजचा माणूस लागतो. पाहुणा बसला तर लाथ तरी मारेल नाहीतर दूध चोरेल. हात तसाच, कास तीच, पण जनावराला माणूस कळतो. आणि ज्यांना धीर नाही ते इंजेक्शन टोचतात, तेही ऑक्सिटोसिनच ना? बंदी आहे म्हणतात.


चेतापेशी

काका, हा प्रतिसाद मूळ लेखात हवा होता!

हो, तेच. दूध वाढावं म्हणून जनावराला ते टोचणं बेकायदेशीरच आहे. २०१८ साली केंद्र सरकारने खासगी कंपन्यांना त्याचं देशांतर्गत उत्पादनच बंद करायचा आदेश काढला होता. पण बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला ते अत्यावश्यक औषध आहे, म्हणून प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आदेश रद्द झाला.

तुम्ही म्हणता ते ‘दूध चोरणं’ १९४१ साली अमेरिकेत एली आणि पीटरसन या दोघांनी तपासलं होतं. धार काढायच्या वेळी गाईजवळ कागदी पिशव्या फट्‌ फट्‌ फोडून तिला घाबरवलं, दूध उतरलं नाही. न घाबरवता नुसतं अ‍ॅड्रेनलिन टोचलं, तरी उतरलं नाही. पुढे १९४८ साली न्यूटन दांपत्याने अंगावर पाजणाऱ्या आईतही तेच पाहिलं. पाजताना व्यत्यय आणला की बाळाला दूध कमी मिळे, आणि त्याच वेळी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं की बरंचसं भरून निघे. दूध आत होतंच, वाट अडली होती.

लिंकोपिंगच्या स्कॅनरमधल्या बाईत आणि तुमच्या म्हशीत फार अंतर नाही, असं आदरपूर्वक नमूद करते.


पॉपकॉर्नवाली

हा शेवटचा परिच्छेद माझ्या सासूबाईंना वाचून दाखवला. दोघी हसतोय. म्हणाल्या, ‘यासाठी स्कॅनर कशाला हवा होता?’


अर्धीझोप

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिल्यावाचून राहवत नाही. बाळ लहान आहे, पूर्ण अंगावर पितं. वरच्या सगळ्या हिशोबाने माझ्या अंगात ऑक्सिटोसिनचा महापूर असायला हवा. मग संध्याकाळी नवऱ्याने नुसता खांद्यावर हात ठेवला तरी अंग का आक्रसतं? भांडण नाही, राग नाही. बाळ मात्र चालतं. त्याला वाईट वाटतं, मला अपराधी वाटतं. हे माझंच आहे का?


रंगपेटी

अर्धीझोपताई, अजिबात तुमचं एकटीचं नाही. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, मुलांबरोबर काम करते, आयांशी रोज बोलणं होतं. निम्म्या जणी हेच सांगतात, पण दार लावून.

स्तनपानात ऑक्सिटोसिन सतत वाहत नाही, पाजताना झटक्याझटक्याने सुटतं आणि रक्तातून काही मिनिटांत ओसरतं. त्याच काळात प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारं संप्रेरक, चढलेलं असतं, त्यामुळे बीजकोश थंडावतात आणि इस्ट्रोजेन खाली जातं. कामेच्छा उतरणं, कोरडेपणा, हे त्यातूनच येतं. वर झोप नाही. आणि दिवसभर अंगावर कुणीतरी आहेच. सुखद स्पर्शसुद्धा सलग चालू ठेवला तर त्याची गोडी आणि तो आणखी हवा ही इच्छा, दोन्ही हळूहळू उतरतात, हे अगदी ब्रश फिरवूनही मोजलेलं आहे.

नवऱ्याला सांगा की खांद्यावर हात ठेवण्याआधी बाळ घ्यायचं आणि तासभर घेऊनच राहायचं. आणि सगळ्याच गोष्टी नकोशा वाटत असतील, रडू येत असेल, बाळाचंही नको वाटत असेल, तर डॉक्टरांशी बोला, लांबवू नका.


अर्धीझोप

रंगपेटीताई, शेवटचं काही नाही, बाकी सगळं आहे. प्रतिसाद त्याला जसाच्या तसा पाठवला. ‘तासभर’ला अधोरेखित करून.


शंकासुर

इथे माझी शंका नाही. फक्त भर घालतो, कारण वर इस्ट्रोजेनचा विषय निघाला. प्राण्यांत इस्ट्रोजेन ऑक्सिटोसिनच्या ग्राहकांची संख्या वाढवतं. माणसांत बॉनच्याच गटाचा २०१६ सालचा निबंध आहे. जोडीदाराचा फोटो दाखवला तेव्हा फवाऱ्याने मेंदूतल्या बक्षीस-केंद्राचा प्रतिसाद वाढला, पण संप्रेरकांच्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत तो वाढला नाही. फोटो आहे, स्पर्श नाही, आणि प्रयोग लहान आहे. कुणी यावरून गोळ्या बंद करू नयेत. फॉरवर्ड तर अजिबात बनवू नये.


सांगलीचे काका

बरं, माझा खरा प्रश्न राहिलाच. काशाच्या वाटीचं मशीन. आता गल्लोगल्ली दुकानं झालीत, तळपाय ठेवायचे, तूप किंवा तेल लावायचं, काशाची थाळी फिरते. मला झोप छान लागते. पण पूर्वी आई हाताने वाटी घासायची त्याची सर येत नाही. हे म्हातारपणाचं रडगाणं की यातही विज्ञान आहे?


चेतापेशी

काका, रडगाणं नाही. चीनमधल्या चेंगडूच्या गटाने २०१९ साली नेमकं हेच केलं, काशाची वाटी सोडून. पुरुषांच्या तळपायांना एकदा माणसाने हाताने मालिश केलं, एकदा मशीनने. ऑक्सिटोसिन दोन्हींनी वाढलं, पण हाताने जास्त. हाताच्या मालिशला लोक जास्त पैसे द्यायलाही तयार होते आणि मेंदूतला ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे एखादी गोष्ट किती सुखाची याची किंमत लावणारा भाग, जास्त चेतला.

यातली गंमत अशी की तळपायाला ते सी-टॅक्टाइल तंतू जवळजवळ नसतात. चांगला दाब देऊन चोळण्याचं सुख जाड तंतूंमधूनही येतं. म्हणजे मी लेखात मंद कुरवाळण्याला दिलेला मान मालिशवाल्या बाईंनाही द्यायला हवा.

पायातून काळं निघतं ते मात्र विष नव्हे. धातू आणि तेल एकमेकांवर घासल्याची ती काळपट राड आहे.


शंकासुर

शेवटच्या दोन वाक्यांसाठी दहा वेळा +१.


उत्तरध्रुव

स्वीडनहून. माझ्या इथल्या सहकाऱ्यांना कुणी खांद्यावर हात ठेवलेला चालत नाही आणि जगाला स्पर्शाचं विज्ञान शिकवलं यांनीच. अवांतराबद्दल क्षमस्व.


रंगपेटी

माझ्या कामाचा विषय असल्यामुळे एक मुद्दा. स्वमग्न मुलांचे पालक हल्ली विचारतात, ‘परदेशातून ऑक्सिटोसिनचा फवारा मागवू का?’ कृपया मागवू नका. अमेरिकेत २९० मुलांवर चोवीस आठवड्यांची चाचणी झाली, २०२१ साली निकाल आला: सामाजिक वागणुकीत औषध नसलेल्या नकली फवाऱ्यापेक्षा काही जास्त फरक नाही. लेखातल्या बॉनच्या प्रयोगातही ज्या पुरुषांत स्वमग्नतेचे गुण जास्त होते त्यांच्यावर फवाऱ्याचा परिणाम कमीच दिसला होता.

हलकं गोंजारणं यांतल्या पुष्कळ मुलांना टोचतं. घट्ट दाब चालतो. अमेरिकेतल्या पशुशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन स्वतः स्वमग्न, त्यांनी तरुणपणी जनावरांना लस देताना दोन्ही बाजूंनी दाबून धरून ठेवायचा पिंजरा पाहिला आणि स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं. दाब किती आणि किती वेळ हे दांडा हातात धरून त्या स्वतः ठरवायच्या. मी पालकांना यंत्रापेक्षा ‘स्वतः’ हा शब्द ठसवते. पोरगं पाठ वळवून चिकटून बसलं तर बसू द्या, वरून हात फिरवायला जाऊ नका. आजी-आजोबांना समजावणं हे निम्मं काम असतं.


सांगलीचे काका

समजलं. आमच्याकडेही आहे एक नातू असा. मी त्याला पप्पी मागायचो, तो पळायचा. आता शेजारी बसून खांद्याला खांदा लावतो, तेवढं त्याला चालतं.

धाकटी नात आता महिन्याची होईल, कमी दिवसांची जन्मली. मालिश करू नका म्हणून सुनेला कुणी सांगितलंय. आमच्याकडे तर खोबरेल तेल चोपडल्याशिवाय पोर वाढलेलं नाही.


चेतापेशी

काका, तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, कमी वजनाच्या बाळाची त्वचा नाजूक असते. पण खोबरेल तेलाच्या बाजूने मुंबईचाच पुरावा आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातला अभ्यास २००५ साली आला. कमी दिवसांच्या बाळांत खोबरेल तेलाने मालिश केलेल्यांचं वजन खनिज तेलवाल्यांपेक्षा चांगलं वाढलं.

आणि मालिशला परवानगी मिळेपर्यंत छातीशी धरता येईल. कांगारू पद्धत. कोलंबियातल्या बोगोटामध्ये १९७८-७९ च्या सुमारास इन्क्युबेटर अपुरे पडले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी काढलेली युक्ती. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत तीन हजारांहून जास्त कमी वजनाच्या बाळांवर चाचणी झाली. बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिलं तर मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. निकाल इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली.


शंकासुर

हे ऑक्सिटोसिनमुळे झालं असं कुठे लिहिलंय?


चेतापेशी

कुठेही नाही. ऊब, लवकर मिळालेलं अंगावरचं दूध, कमी जंतुसंसर्ग, आई सतत शेजारी असल्याने पटकन जाणारं लक्ष, ही सगळी कारणं आहेत. ऑक्सिटोसिन असलंच तर त्या रांगेत कुठेतरी मागे.


सांगलीचे काका

सुनेला विचारलं. कांगारू चालू आहे म्हणाली, डॉक्टरांनीच शिकवलंय, रात्री मुलगा धरतो. आजोबाने धरलं तर चालतं का?


रंगपेटी

चालतं काका. शर्ट काढून, हात धुऊन, आणि तंबाखू खात असाल तर तो सोडून.